आमचं घदोन

पहिला दिवस, गुरुवार

बोरिवलीला गाडीत बूड टेकल्या टेकल्या ताईने जाहीर केलं, "मी सेव-उसळ खायला येतेय. त्या बाईंसाठी नाही. मागाहून गळ्यात घालू नकोस."

बाई म्हणजे आमच्या दुसरीच्या बाई. त्यांना नाव-आडनाव होतं, पण ते आम्ही कधी घेतलं नाही आणि आता घेववत नाही. हायस्कुलातल्या सरांना आडनावं असायची, प्राथमिक शाळेत नुसत्या बाई. नोव्हेंबरात त्या गेल्या, ८८व्या वर्षी. संक्रांत झाल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. आमच्या आत्तेभावाकडून नंबर मिळवला होता तिने. बडोद्याचं, कारेलीबागेतलं तळमजल्याचं घर आवरायला काढलंय, आईची एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात तुम्हा मुलांचे कागद आहेत, रद्दीत घालायला हात धजत नाही, येऊन बघता का? "तुम्हा मुलांचे" म्हणाली. त्यातला मी मुलगा ६६ वर्षांचा आणि ताई ही मुलगी ६९ची.

ताईचा राग जुना आहे. १९६३ साली बाईंनी तिला दुसरीत परत बसवलं. त्यामुळे वयाने तीन वर्षं मोठी असूनही ती माझ्यापुढे दोनच इयत्ता राहिली. "माझं एक वर्ष खाल्लं त्या बाईने," हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं पाठ आहे सगळ्यांना. भाऊजींनी तर लग्नानंतर आठवड्याभरातच ऐकलं होतं म्हणे.

अंकलेश्वर गेलं आणि नर्मदेचा पूल आला. शेजारी तो जुना लोखंडी, १८८१चा, भरुचकर ज्याला गोल्डन ब्रिज म्हणतात. ताईने नदीत नाणं टाकायचा प्रयत्न केला, पण वातानुकूलित डब्याची काच उघडते थोडीच. या पुलावरून मी किती रात्री गेलोय याचा हिशेब नाही. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो. डाकेच्या बंद डब्यात उभं राहून चालत्या गाडीत पत्रं खणाखणांतून लावायची. पूल आला हे रुळांच्या आवाजावरून कळायचं. नर्मदा काही दिसली नाही नोकरीत.

आणि तिथे रोज बाईंची आठवण यायची, हे ताईला मी या गाडीतच पहिल्यांदा सांगितलं. पिनकोड १९७२ साली आला, पण लोक तो लिहायला लागेपर्यंत आमचे केस पांढरे व्हायला लागले होते. तोवर सगळी भिस्त पत्त्यावर. न लागणारा पत्ता आला की सोबतचे म्हणायचे, "बडोदेकरांकडे द्या." मला दोन्ही अक्षरं यायची ना, मराठी आणि गुजराती. पण नुसती येऊन भागत नाही. गुजराती हात मराठीत लिहायला लागला की कुठे घसरतो, हे कळावं लागतं. ते मला दुसरीतच कळलं होतं, कारण मी स्वतः तिथे घसरलो होतो.

आमची शाळा मराठी, पण शाळेबाहेरचं सगळं गुजराती. दुकानांच्या पाट्या, बसवरचे बोर्ड, वाण्याची वही, शेजारच्या पोरांची दप्तरं. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. आम्हीही मग मराठी अक्षरं तशीच बोडकी काढायचो. दुसरी गंमत म्हणजे गुजराती 'र' दिसतो आपल्या दोनच्या आकड्यासारखा. तर मी पाटीवर लिहिलं होतं, 'आमचं घ२ मोठं आहे.' बाईंनी पाटी हातात घेतली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने वर्गाला वाचून दाखवली: "आमचं घदोन मोठं आहे." वर्ग हसून लोळला. मीही. मग पाटी परत देत म्हणाल्या, "आणि छप्पर घाल रे त्याला. पाऊस आला तर भिजेल की तुझं घदोन."

छप्पर म्हणजे शिरोरेषा. तो शब्द आम्हाला पुढे कधीतरी सातवीत कळला. बाईंच्या वर्गात छप्परच. आणि ते नुसतं शोभेला नव्हे. घ चं छप्पर अख्खं, ध चं अर्धं उघडं. म आणि भ यांचंही तेच. छप्पर चुकलं की घर चं धर होतं. डाकेच्या डब्यात रात्री दोन वाजता पिवळ्या दिव्याखाली 'मांडवी' आहे की 'भांडवी' हे ठरवताना मी दुसरं काय बघत होतो?

वाणसामानाच्या यादीलाही मी अजून छप्परं घालतो. बायको हसते. मोबाइलवर ते आपोआप पडतं, याचा मला थोडा रागच येतो.

बडोदं आलं तेव्हा दिवेलागण झाली होती. रिक्षा काळ्या घोड्यावरून, म्हणजे सयाजीरावांच्या पुतळ्यावरून, विश्वामित्रीचा पूल ओलांडून दांडिया बाजारात. उत्तरायण होऊन पंधरवडा झाला होता, तरी झाडाझाडांवर, तारातारांवर फाटके पतंग लोंबत होते. आत्तेभावाच्या घरी वहिनी दारातच म्हणाल्या, "आधी जेवून घ्या ने. आणि बारी उघडी राहू दे, पवन चांगला येतो." मुंबईत ४० वर्षं राहून माझी मराठी फार सपाट झाली आहे, हे असं काही कानावर पडलं की कळतं.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी शाळा. तिचं नाव लिहीत नाही, कारण मराठी वर्ग तिथे आता भरत नाहीत आणि त्यात कुणा एकाची चूक नाही. पोरं इंग्रजी शाळेत गेली, आमचीही गेलीच की. खाली गुजराती वर्ग चालू होते. दारावरच्या भाईंनी विचारलं, "क्यां जवु छे?" ताईने बोट वर केलं आणि सांगितलं, "दुसरीत." त्यांनी जाऊ दिलं.

वरच्या मजल्यावरचा तो कोपऱ्यातला वर्ग आता मोडक्या बाकांचं कोठार झाला आहे. फळा आहे. भिंतीतच सिमेंटचा घोटून काळा केलेला, हलवता येण्यासारखा नाही म्हणून राहिलेला. मी हात फिरवला तर बोटांना खडू लागला. कुणाचा, कधीचा, देव जाणे. खिडकीतून पूर्वी कडुनिंब दिसायचा, आता समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. ताई तिसऱ्या रांगेच्या जागी जाऊन उभी राहिली. "इथे," म्हणाली. पुढे काही बोलली नाही. तिला दुसऱ्या वर्षीही तीच जागा मिळाली होती.

जिन्यावरून उतरताना मात्र बोलली. परत बसवलं त्या दिवशी ती रडत होती आणि बाई तिला म्हणाल्या होत्या, "महाराज बाराव्या वर्षी शिकायला लागले. तू आठव्या वर्षीच घाबरतेस होय?" हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. आरतीत हे कडवं नव्हतं.

महाराज म्हणजे सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आणला, आणि मग इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्याचा अभ्यास. स्वतःला उशिरा मिळालेलं शिक्षण या माणसाने दुसऱ्यांवर सक्तीचं केलं. १८९३ला अमरेली तालुक्यात आधी करून पाहिलं, १९०६ला सगळ्या संस्थानात. मूल शाळेत घातलं नाही की आईबापांना दंड. बाईंचं यावरचं भाष्य ठरलेलं होतं: "तुमच्या पणजोबांनी दंड भरला असेल. तुम्ही फुकट शिकताय. तेव्हा गप्प बसून लिहा."

बाकी दिवस भटकण्यात गेला. सूरसागर तलावात मधोमध शंकर आता सोन्याने मढवलेला आहे. उन्हात त्याच्याकडे बघवत नाही. न्यायमंदिरातलं कोर्ट हललं, आणि त्या सुंदर इमारतीचं पुढे काय, हे प्रत्येक बडोदेकर तुम्हाला वेगवेगळं सांगतो. मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी. ही मात्र जशीच्या तशी. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला आणि संस्थानभर वाचनालयं उघडली. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरवली. या लायब्ररीतली पुस्तकांची कपाटं लोखंडी आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, खालपर्यंत उजेड झिरपावा म्हणून.

बाईंनी आमच्या वर्गाला ती जमीन दाखवायला नेलं होतं. पुस्तकं नव्हे, जमीन. मुलांनी टाचा आपटून पाहिल्या. मुली मात्र फ्रॉक गुडघ्यांशी आवळून भिंतीला चिकटल्या, खालून दिसेल म्हणून. बाईंनी सगळ्यांना खाली नेलं आणि वर बघायला लावलं. काच दुधी. वरच्या माणसाच्या चपलांचे नुसते दोन डाग दिसत होते. "दिसतंय काही? नाही ना? मग चला वर." ताईच्या वर्गालाही नेलं होतं म्हणे, दोन्ही वर्षी. आज आम्हाला आत सोडलं नाही, दारातूनच पाहिलं. ताईने साडी सावरली. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी सेव-उसळ. उसळ आपली, सेव त्यांची, वर लसणाची लाल तरी. हिच्याइतका बडोद्याचा प्रामाणिक इतिहास दुसरा नसेल. ताईने दोन प्लेटा खाल्ल्या आणि रात्रभर पाणी पीत बसली.

तिसरा दिवस, शनिवार

कारेलीबागेतल्या घरात शिरताच भिंतीवरची रेघ दिसली. छातीइतक्या उंचीवर, तपकिरी, चारही भिंतींना सरळ. ऑगस्ट २०२४चा पूर. विश्वामित्री अशी चढली की वस्त्यांत मगरी फिरल्या. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. बाईंना शेजारच्या पोरांनी खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. तीन दिवस त्या परक्या घरात होत्या.

मुलगी, म्हणजे तीही आता साठीची, चहा देता देता सांगत होती. "आईने वर गेल्यावर पहिलं काय विचारलं माहितीये? पेटी कुठे? मी म्हटलं, आई, पेटी पलंगाखाली, पाण्यात. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, पेन्सिलीला काही होत नाही."

पेटी गंजली होती. झाकण उघडायला मला स्क्रूड्रायव्हर लागला. आत गठ्ठे. आणि मग आठवलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाई प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायच्या. आज येताना वाटेत काय पाहिलं ते लिहायचं. पेन्सिलीने, आणि खोडायचं नाही. चुकलं तर चुकलं. तो कागद बाई ठेवून घ्यायच्या. आम्हाला वाटायचं रद्दीत जात असेल. एकेका वर्षाचे कागद पुठ्ठ्यात घालून सुतळीने बांधले होते, पुठ्ठ्यावर शाईने साल घातलं होतं. म्हणजे घातलं असावं. शाई सगळी वाहून गेली होती. निळे ओघळ राहिले होते नुसते. मुलांनी काढलेली पेन्सिलीची अक्षरं मात्र चिखलाच्या पुटाखाली जशीच्या तशी होती.

साल नाही, वर्ग नाही, वर नुसतं पोरांचं पहिलं नाव. मुलगी म्हणाली, "कसं लावणार हे?" ताई माझ्याकडे बघून हसली. ३५ वर्षं मी दुसरं काय केलं होतं? सतरंजी मागितली, बाह्या सारल्या आणि बसलो.

आधी फुगलेले, चिकटलेले गठ्ठे बाजूला. ते उकलण्यातले नव्हते, पार लगदा झाला होता. असे सहा होते. राहिलेले पसरले. मग खुणा शोधायच्या. एका मुलाने लिहिलं होतं, 'मी कमळाचं पिवळं नाणं पाहिलं.' वीस पैशांचं ते पितळी नाणं १९६८नंतरचं. एका गठ्ठ्यात तीन पोरांनी अप्पू हत्ती काढला होता, म्हणजे दिल्लीच्या एशियाडनंतरचा, १९८३. 'पहाटे बाबांनी गच्चीवर शेंडीचा तारा दाखवला, मला दिसला नाही पण मी दिसला म्हणालो.' हॅलेचा धूमकेतू, १९८६. खोडायचं नसल्यामुळे पोरं किती खरं बोलली होती! एकीने नुसतं लिहिलं होतं, 'आज मी काही पाहिलं नाही, कारण मी पळत आले.'

प्रत्येक कागदावर बाईंचा लाल शाईतला शेरा होता. होता म्हणायचं. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात गुलाबी ढग पसरला होता. काहींत एखादी वेलांटी लागत होती, एखादा काना. भिंग घेऊनही त्याच्यापुढे काही लागेना. डाकेत असताना पावसात भिजलेल्या पत्रांचे असे पत्ते मी लावलेत, दहातले चार तरी. इथे एकही लागला नाही.

दुपार झाली. मुलीने खिचडी-कढी केली, आम्ही तिथेच कागदांच्या कडेला बसून जेवलो. माझं वर्ष १९६६. त्याचा गठ्ठा सापडेना. आजूबाजूची वर्षं लागली, आधीचं लागलं, नंतरचं लागलं, मधे भोक. म्हणजे त्या सहा लगद्यांतला एक. मी परत परत मोजलं. परत परत भोक.

"हे बघ," ताई म्हणाली.

तिच्या हातात दोन कागद होते, दोन वेगळ्या गठ्ठ्यांतले. दोन्हींवर तिचं नाव. पहिल्यावर बोडकी, वाकडीतिकडी अक्षरं: 'मी पुलाव२ मग२ पाहिली. ती झोपली होती.' दुसऱ्यावर अक्षरं छपराखाली, एका ओळीत, रेघ जरा जास्तच दाबून ओढलेली, कागद फाटेल इतकी: 'मी पुन्हा मगर पाहिली. तीच होती. पण आज जागी होती.'

दोन्हींखाली गुलाबी ढग. दुसऱ्याखालचा मोठा. पाच-सहा शब्द असतील, किंवा जास्तही. ताईने तो कागद उजेडाला धरला, तिरका करून पाहिला, चश्मा काढून पाहिला, मग माझ्याकडे दिला. मीही तेच सगळं केलं आणि परत दिला.

मुलगी म्हणाली, "आई शेवटपर्यंत एका मुलीचं नाव घ्यायची. तिला मी परत बसवलं, बरोबर केलं की नाही कोण जाणे, असं म्हणायची."

"काय नाव?" ताईने विचारलं.

मुलीला आठवेना. अशा बऱ्याच असतील म्हणा, ३० वर्षांच्या नोकरीत.

निघताना ताईने प्लास्टिकची पिशवी मागितली. "दोन्ही नेता?" मुलीने सहज विचारलं. "दोन वर्षं बसले तिथे," ताई म्हणाली, "दोन्ही माझे." आणि रिक्षात बसल्यावर मला: "तुझा एकही नाही, माझे दोन आहेत."

बाकीच्या गठ्ठ्यांवर मी पेन्सिलीने सालं घालून आलो आहे. जिथे खात्री नव्हती तिथे प्रश्नचिन्ह.

चौथा दिवस, रविवार

गाडी दुपारची. वहिनींनी लिला चिवडा, पेढे, भाखरवडी असं दोन माणसांना न पेलणारं बांधून दिलं. सकाळी कमाटी बागेत गेलो. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा ताईला बघायचा होता, पण रविवारची ही रांग! सोडून दिलं.

बागेत संकल्पभूमीपाशी थांबलो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ साली याच शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. २३ सप्टेंबरला या बागेत झाडाखाली ते बसले होते. सयाजीरावांचं कौतुक करताना बडोदेकर इथे जरा भरभर चालतात. बाई नाही चालायच्या. सहलीला आणल्यावर, तेव्हा इथे स्मारक वगैरे काही मला आठवत नाही, झाडांकडे हात करून हे सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "शाळा सगळ्यांना उघडली, घरं नाही उघडली." सात वर्षांच्या पोरांना यातलं काय कळणार! मला 'घरं' ऐकून फक्त घदोन आठवलं असणार.

मग पूल. विश्वामित्री आता पुन्हा ओढ्याएवढी, काठच्या झाडांवर वर उंच पुराच्या प्लास्टिकच्या चिंध्या आणि त्यांच्यावर पतंगांच्या. शेंगदाणेवाला म्हणाला, थंडीत मगरी उन्हाला काठावर येतात, थोभो. थांबलो. अर्धा तास गेला. गाडीची वेळ व्हायला लागली, रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून झाला. मला पलीकडच्या चिखलात एक ओंडका दिसत होता, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर.

ताईने कठड्यावरून वाकून खूप वेळ पाहिलं. पिशवी छातीशी होती.

"तीच आहे," ती म्हणाली.